अर्ध्यावर सोडलेली टीप

आदरणीय मिस्त्रीकाका यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही स्वतःहून वाचाल अशी मला आशा नाही. फोनवर तुमचे बोलणे ‘हो जी’ आणि ‘येतो जी’ यांच्यापलीकडे जात नाही, आणि समोरासमोर आभार मानू लागले तर तुम्ही पिशवी उचलून चालू लागता, याचा अनुभव मी एकदा घेतला आहे. म्हणून माझी शिवणाची मशीन दुरुस्त करून गेलात, त्या दिवसाबद्दल जे सांगायचे ते सर्वांसमक्ष लिहून ठेवते. तुमच्या सुनेने किंवा नातवाने कधी वाचून दाखवले तर उत्तमच. नाही तर ज्यांच्या घरात माझ्यासारखी दार लोटून ठेवलेली एखादी खोली आहे, त्यांच्यापर्यंत तरी ते पोहोचेल.

२०२३ च्या २३ सप्टेंबरला पहाटे नागपुरात जो पाऊस कोसळला, त्यात अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीने काठ सोडले आणि आमच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी शिरले. त्या अंधारात जे हाताला लागेल ते आम्ही उंचावर टाकत गेलो, आणि घरातली सर्वांत ऐसपैस उंच जागा म्हणजे माझ्या शिवणाच्या खोलीतले कटिंगचे टेबल. आधीच तिथे असलेल्या अस्तरांवर आणि रुबियाच्या कापडांवर धान्याचे डबे चढले, डब्यांवर गाद्या, गाद्यांवर मुलांची जुनी पुस्तके आणि सगळ्यांत वर, का कोण जाणे, तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी. पाणी त्याच दिवशी उतरले, चिखल चार दिवसांत निघाला, बाकीचे घर दिवाळीच्या आत पूर्ववत झाले. ती खोली मात्र जवळपास पावणेदोन वर्षे तशीच राहिली. उलट, घरात कुठे ठेवायचे हे न सुचलेली प्रत्येक वस्तू तिच्यातच जाऊ लागली.

लोकांना वाटे मी आळशी झाले. मलाही तसेच वाटे. पण खरे कारण दाराच्या आत, खुंटीला अडकवलेल्या पिशवीत होते. तिच्यात शेजारपाजारच्या बायकांनी शिवायला दिलेले सात ब्लाउजपीस होते, प्रत्येकाला मापाची चिठ्ठी टाचणीने लावलेली. पुरानंतर मशीन बंद पडली, मी ‘पुढच्या आठवड्यात देते’ असे सांगत राहिले, आणि ज्या लग्नासाठी त्यांतले तीन ब्लाउज हवे होते ते लग्न दुसऱ्या कुणीतरी शिवलेल्या ब्लाउजांवर पारही पडले. दार उघडले की आधी ती पिशवी दिसायची आणि मी दार ओढून घ्यायची. आवरायला घ्यायचे म्हणजे त्या सात चिठ्ठ्या वाचाव्या लागणार होत्या, आणि तेवढे धैर्य माझ्यात नव्हते.

या काळात मदत कुणी केलीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. घरे लावून देण्याचा व्यवसाय करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी दारातूनच मोबाइलवर फोटो काढले, ‘बाप रे’ म्हणून हसल्या, चोवीस पारदर्शक डबे आणि त्यांवर लावायच्या चिकटपट्ट्यांची यादी लिहून दिली, आणि फी घेऊन गेल्या. मी ते डबे आणलेही. रिकाम्या डब्यांनी खोलीतला उरलासुरला कोपराही भरून टाकला. मग एका सुताराने आगाऊ रक्कम घेतली, तीन महिने फोन उचलला नाही, आणि अखेर जे कपाट आणून उभे केले त्याचे कप्पे दोन फूट खोल निघाले. घडी घातलेल्या ब्लाउजपीसला फूटभर खोल कप्पा पुरतो. दोन फुटांच्या कप्प्यात पुढच्या रांगेने मागची गिळली की मागे काय आहे ते पुढच्या दिवाळीलाच कळते. नातेवाइकांबद्दल काय लिहावे? ‘सगळे देऊन टाक, आता तयार मिळते’ हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकले की शेवटी तेच खरे वाटू लागले.

म्हणूनच, काका, आज एक गोष्ट कबूल करते. त्या दिवशी मी तुम्हाला मशीन दुरुस्त करून वापरण्यासाठी बोलावलेच नव्हते. कबाडीवाल्याने सांगितले होते की पायमशीन चालू स्थितीत असेल तर बरी किंमत देईन, नाही तर लोखंडाच्या भावात जाईल. आपल्याला दुरुस्तीसाठी बोलावले ते विकण्यापुरते, हे तुम्हाला तेव्हा माहीत नव्हते. की होते?

जूनचा पहिला आठवडा होता आणि ऊन असे की रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटत होते. तुम्ही लुना सावलीला लावलीत, पाणी मागून घेतलेत आणि खोलीच्या दाराशी आलात. दार पूर्ण उघडत नव्हते, कारण मागे गादी होती. ‘बाप रे’ची मी मनातल्या मनात वाट पाहत होते. तुम्ही चपला काढल्यात, क्षणभर आत पाहिलेत आणि विचारलेत, “पाय कुठं ठेवू जी?”

एवढेच. गेल्या पावणेदोन वर्षांत त्या खोलीविषयी मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न, की ज्यात माझी झडती नव्हती.

मग तुम्ही एक जुनी चादर मागितलीत. मशीनपुढच्या खुर्चीवर कपड्यांचा हातभर उंच ढीग होता. तो ढकलून खाली पाडणे सोपे होते, आणि खरे सांगते, मी स्वतः तेच केले असते. तुम्ही चादर ओसरीत अंथरलीत, दोन्ही हात ढिगाखाली घालून तो होता त्याच क्रमाने उचललात, चादरीवर ठेवलात आणि धूळ बसू नये म्हणून चादरीचे दुसरे टोक त्यावर पांघरलेत. वरून पाहणाऱ्याला तो कचरा होता. तुम्ही मात्र कुणीतरी काही कारणाने ठेवलेल्या वस्तू हाताळाव्यात तसा तो हाताळलात. खुर्ची मोकळी झाली तरी तुम्ही तिच्यावर बसला नाहीत. उकिडवे बसूनच काम केलेत. तेव्हा मला वाटले, कामाची सवय असेल. नंतर कळले.

तुम्ही पट्टा उतरवलात, शटल काढलेत, दात्यांच्या खालून अंगठ्याएवढा दोऱ्याचा आणि धुळीचा बोळा ओढून काढलात, पायडलच्या सांध्यांत वाळून बसलेला पुराचा चिखल रॉकेलने धुऊन तेल सोडलेत. ते तेल मुरेपर्यंत इकडेतिकडे पाहता पाहता म्हणालात, “कूलर काहून असा ठेवला जी? याची ओली हवा सरळ मशीनवर येऊन राहिली. सुया गंजतील नाही तं काय?” मी आयुष्यभर सुयांच्या कंपनीला दोष देत आले होते. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय कुणाचे भागत नाही आणि खिडकीतून आत ढकललेला कूलर नेमका कशावर रोखलेला आहे, याचा विचार कुणी करत नाही. त्याच संध्याकाळी आम्ही त्याचे तोंड फिरवले.

तुमच्या वडिलांची गोष्टही तेव्हाच निघाली. ते एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर कामगार होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली ही गिरणी माझ्या पिढीने भोंग्यांच्या आठवणींतून आणि आता तिथे उभ्या असलेल्या मॉलच्या नावातूनच ओळखावी, अशी वेळ आली आहे. तुमच्या घरात मात्र ती अजून चालू आहे, असे मला तुमचे बोलणे ऐकताना वाटले. तुम्ही म्हणालात, “बाबा सांगे ताई, पाळी सुटायच्या आधी दहा मिनिटं मशीन पुसायची. मागून येणाऱ्याच्या हाती आपला कचरा द्यायचा नाही.”

मी जरा कडवटपणेच म्हणाले की या खोलीत माझ्या मागून कुणी येत नाही.

“उद्या तुम्हीच याल ना जी.”

तुम्ही हे माझ्याकडे न पाहता, चाकाला तेल देत म्हणालात. त्यानंतर जे केलेत त्यासाठी हे पत्र आहे.

जमिनीवरून पांढऱ्या पॉपलिनचे वीतभर लांबीचे दोन तुकडे तुम्ही उचललेत, एकावर एक जुळवलेत, चौदा नंबरची नवी सुई बसवून दोरा ओवलात आणि टीप घालायला सुरुवात केलीत. मशीनचा तो आवाज घरात इतक्या दिवसांनी ऐकून यजमानही पेपर बाजूला ठेवून दारात आले. टीप सरळ, टाका एकसारखा, वरचा आणि खालचा दोरा कुठेही ओढ नसलेला. आणि तुकड्याच्या बरोबर मध्यावर तुम्ही थांबलात. सुई कापडात रुतलेली, प्रेशर फूट खाली टेकलेला, तशीच मशीन सोडून तुम्ही पान्हे गोळा करू लागलात. मला वाटले काही बिघडले. “पूर्ण करा ना,” मी म्हणाले.

“नाही जी. बाकीची तुम्ही मारा. सवड होईन तवा.”

मजुरीचे साडेतीनशे रुपये आणि सुयांचे वेगळे, असा हिशेब तोंडी सांगून तुम्ही वरचे दहा रुपये मोजून परत केलेत आणि गेलात.

रात्री कापडाखाली तुकडा ठेवून मशीन बंद करायची शिंप्यांची रीत मला ठाऊक आहे. जास्तीचे तेल त्यात उतरते आणि दुसऱ्या दिवशीच्या कापडाला डाग पडत नाही. पण तेवढ्यासाठी नुसता तुकडा पुरला असता. अर्धी टीप घालून ठेवायचे कारण नव्हते. त्या रात्री अकराच्या सुमाराला पाणी प्यायला उठले असताना मी ते दार उघडले, आणि दीड वर्षाहून अधिक काळात प्रथमच माझे लक्ष खुंटीवरच्या पिशवीकडे आधी गेले नाही. दिव्याखाली तो पांढरा तुकडा दिसत होता. उरली होती ती टीप चार-साडेचार बोटांची. एवढी मोठी खोली आवरणे माझ्याने होणार नव्हते, हे मी स्वतःला आणि इतरांना पटवून दिले होते; पण चार बोटे टीप माझ्याने होणार नाही, असे चाळीस वर्षे शिवणकाम केलेल्या बाईने कोणत्या तोंडाने म्हणावे? शिवाय खुर्ची मोकळी होती. तुम्ही तिच्यावर का बसला नव्हतात ते मला तेव्हा उमगले, किंवा उमगल्यासारखे वाटले.

मी बसले. टीप पूर्ण केली, उलटी टीप घालून दोरा कापला. माझा अर्धा भाग वाकडा आला आहे. बसलेच आहे तर दहा मिनिटे, म्हणून जागचे न उठता हात पोहोचेल तेवढ्यातले दोरे, टाचण्या आणि खडू वेचले. मग दिवा घालवून झोपले.

पुढचे फार सांगण्यासारखे नाही. रोज थोडे शिवायचे आणि शेवटची दहा मिनिटे पाळी बदलण्याची, एवढाच नियम ठेवला, आणि आषाढीपर्यंत टेबलाचे लाकूड दिसू लागले. दोन फूट खोल कपाट आता धान्याच्या डब्यांना दिले आहे, त्यांना ते शोभते. चोवीस पारदर्शक डब्यांपैकी सहा वापरात आहेत. तीन कात्र्या, पाच टेप, अकरा आणि सोळा नंबरच्या सुयांची न फोडलेली पाकिटे निघाली. हरवले म्हणून जे जे मी दुसऱ्यांदा विकत आणले होते ते सगळे जोडीने निघाले. पेपर कटिंगच्या गठ्ठ्याला तेवढी वाळवी लागली होती. वितीहून लहान कातरण गोधडीच्या पोत्यात गेली. आणि सर्वांत शेवटी मी ती पिशवी खुंटीवरून काढली आणि सातही घरी स्वतः गेले. सहा जणींनी हसून कापड परत घेतले. सातवी म्हणाली, “काकू, शिवूनच द्या ना, माप मात्र नवीन घ्या.” तिचे अस्तर भिजवून, वाळवून ठेवले आहे.

दुसऱ्याच्या घरातली अव्यवस्था पाहणे हा तुमच्या धंद्याचाच भाग आहे, काका. नळ दुरुस्त करणारा, वायरमन, पेशंटला घरी येऊन इंजेक्शन देणारी नर्स, या सगळ्यांना आपण आपल्या घराची ती बाजू दाखवतो जी पाहुण्यांना कधी दाखवत नाही. त्यांच्यातले बहुतेक काही न बोलता काम करून जातात, आणि त्यांच्या त्या न बोलण्याची आपण किंमत करत नाही, कारण ते ऐकू येत नाही. मी मात्र त्याआधी पैसे मोजून ‘बाप रे’ ऐकलेले होते, म्हणून मला ते ऐकू आले. पदवी, छापील कार्ड आणि फोटो काढायचा मोबाइल असूनही जे शहाणपण एखाद्याला येत नाही, ते रॉकेलच्या वासाची पिशवी घेऊन लुनावरून फिरणाऱ्या माणसाकडे कुठून येते, याचा मी अजून विचार करते आहे. थोडेसे एम्प्रेस मिलमधून आले असावे.

मशीन विकलेली नाही. कबाडीवाला पुन्हा आला तेव्हा यजमानांनीच त्याला फाटकातून परत पाठवले आणि वर ‘चालू आहे, देत नसतो’ असे ऐटीत सांगितले, जणू ते स्वतःच तिच्यावर शिवतात. तो पॉपलिनचा तुकडा रोज रात्री मशीन बंद करताना मी प्रेशर फूटखाली ठेवते. त्याला तेलाचे डाग पडले आहेत, पण तुमचा अर्धा भाग कुठला आणि माझा कुठला हे अजून स्पष्ट ओळखू येते.

आपली कृतज्ञ,
तळमजल्यावरची ताई

ता. क. : पावसाळी हवेने पट्टा सैल झाला आहे आणि चाकावर घसरतो. अर्धा इंच कापून जोडावा लागेल असे वाटते. सवडीने या. या वेळी खुर्चीवर बसून काम करावे लागेल.