बाबा, शिडी सध्या काकांकडे राहू दे

तीर्थरूप बाबांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आईने सगळं सांगितलं. कमोडच्या टाकीची नळी फुटली, आणि बाबा, तुम्ही पाना घेऊन शिडीने पाण्याच्या टाकीपर्यंत चढलात. त्र्याहत्तराव्या वर्षी, ओल्या गच्चीवर! खरं तर कमोडशेजारी भिंतीत अँगल कॉक आहे, तो बंद केला की तेवढंच पाणी थांबतं. पण तो जाम असणार. बोअरचं पाणी क्षाराचं, आणि बसवल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही.

आता त्या पान्याबद्दल. टाकीजवळचा गोल चाकाचा पितळी व्हॉल्व्ह म्हणजे गेट व्हॉल्व्ह. आत एक पातं असतं, ते दांडीवर खाली-वर सरकतं. अडलेल्या चाकाला पाना लावला तर दांडी तुटते, पातं आतच अडकतं, मग तो ना धड उघडत ना मिटत. म्हणून फक्त हाताने, थोडं पुढे, थोडं मागे, आणि दुसऱ्या हाताने पाइप धरून. नाहीतर व्हॉल्व्हबरोबर प्लास्टिकचा जोडही पिळतो. पूर्ण उघडला की अर्धा फेरा उलटा फिरवून ठेवा, म्हणजे तिथेच चिकटून बसत नाही. आणि नळाचा जोर कमी करायला तुम्ही तो अर्धवट मिटून ठेवता ना, ते बंद करा. पात्याची कड झिजते, पुढे पूर्ण मिटला तरी पाणी येतच राहतं.

आई, आता तुझ्यासाठी. चाळीस वर्षं त्या घरात राहतेस आणि पाणी कुठे बंद होतं ते तुला ठाऊक नाही. बाबा बँकेत गेलेले असताना नळी फुटली असती तर? पाणी बंद करायचं असेल तर आधी गीझरचं बटण बंद कर. परत सोडताना व्हॉल्व्ह हळूहळू उघड. एकदम उघडलास तर पाइपला दणका बसतो. बेसिनचा नळ उघडा ठेव. हवा खरखरत बाहेर पडेल, थोडं गढूळ पाणी येईल, ते जाऊ दे. गीझर मात्र गरम पाण्याच्या नळाला सलग धार लागल्यावरच लाव.

दिवाळीला आले की प्लंबरकडून जिन्यापाशी, हात पोचेल इतक्या उंचीवर बॉल व्हॉल्व्ह बसवून घेऊ. दांडी पाइपच्या रेषेत असली की चालू, आडवी केली की बंद. चष्म्याशिवायही कळतं. फक्त त्याला पाव फेराच असतो, बाबा, तुम्ही सवयीने पुढे रेटू नका. अँगल कॉकही तेव्हाच बदलू. मग दर महिन्याला एकदा दोघांनी मिळून सगळे उघडमिट करायचे. दूधवाल्याचा हिशेब करता त्याच दिवशी.

शिडी मी शेजारच्या काकांना फोन करून त्यांच्याकडे ठेवायला लावली आहे. रागावू नका. मागायला गेलात तरी ते देणार नाहीत.

तुमची,
धाकटी