हस्तकला प्रदर्शनात बसण्याचीही सोय असावी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हस्तकला प्रदर्शन संपले की दोन-तीन दिवसांत वर्तमानपत्रात त्याची बातमी येते आणि उद्घाटकांच्या नावांनंतर त्या बातमीत हमखास असते ती उलाढाल. गाळे किती लागले, बचत गट किती आले, विक्री किती लाखांची झाली. कारागिराचे पोट विक्रीवर असल्यामुळे हा हिशेब व्हायलाच हवा. परंतु याच प्रदर्शनात आणखी एक गोष्ट घडत असते, जिची नोंद कोणी ठेवत नाही आणि म्हणूनच जिच्यासाठी कोणी सोयही करत नाही. एकाच हातकामाची आवड असलेली, पण एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे तेथे एकमेकांना सापडतात. त्याविषयी आपल्या पत्राद्वारे आयोजकांना एक विनंती करावी, यासाठी हे लिहीत आहे.

आमच्या सिंधुदुर्गात अलीकडे भरलेल्या अशाच एका प्रदर्शनाला मी आणि माझी जाऊ दिवसभरासाठी गेलो होतो. मी वाकळ शिवते आणि ती क्रोशाचे विणकाम करते. दोघींचेही काम घरापुरते, विकण्यासाठी नव्हे. खरेदी तासाभरात आटोपली. उरलेला सगळा दिवस गेला तो बोलण्यात, तोही अशा माणसांशी की ज्यांची नावेसुद्धा आम्हाला सकाळपर्यंत ठाऊक नव्हती.

वाकळीच्या गाळ्यावर तर आम्ही सात-आठ जणी चांगल्याच रेंगाळलो. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरून शिवायला घेतले की मधला थर सरकतो आणि चुण्या पडतात, ही अडचण हे काम करणाऱ्या प्रत्येकीला येते. मी कडेपासून आत शिवत येते. कणकवलीकडच्या एका बाईंचे म्हणणे असे की, आधी मधोमध उभा-आडवा कच्चा दोरा घालून थर बांधून घ्यावेत आणि मगच धावदोरा धरावा, कारण कडेपासून आलेली चुणी शेवटी मध्यभागी अडकते आणि तिला बाहेर पडायला वाट उरत नाही. गाळ्यावरच्या वृद्ध बाईंनी दोघींचेही ऐकून घेतले, माझ्या पिशवीतला अर्धवट तुकडा मागून घेतला, त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "बाय गे, ह्यो टाको उसव, पुढे चुणी पडतली." कोणता टाका, ते त्यांनी न पाहता, केवळ बोटाने ओळखले होते. ही शिकवणी आम्ही उभ्याने घेतली, कारण बसायला काहीच नव्हते. मंडपातल्या साऱ्या खुर्च्या व्यासपीठासमोर मांडलेल्या होत्या आणि उद्घाटनाचे पाहुणे निघून गेल्यावरही त्या तेथेच रिकाम्या राहिल्या.

बांबूकामाच्या गाळ्यावर एक निवृत्त वाहक आणि महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा यांची जोडी जमली होती. दोघेही हौसेखातर घरी आकाशकंदील आणि परड्या करतात आणि दोघांच्याही वस्तूंना वर्षभरात भुंगा लागून खालून पीठ पडू लागते. आपल्या परसात उगवणारा माणगा जवळजवळ भरीव असल्यामुळे मजबूत खरा; पण बांबूतले पिष्ट हेच त्या किड्याचे अन्न आहे आणि पिष्ट निघाले नाही तर भरीवपणा काही कामाचा नाही. कारागिराने त्यांना तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत सांगितली आणि त्या मुलाने घराजवळचा वहाळ, म्हणजे ओढा, कोणत्या महिन्यापर्यंत वाहता असतो, याची मनाशी जुळवणी सुरू केली. माहिती काही गुप्त नव्हती, पण ती विचारावी कोणाला, हे या दोघांना इतके दिवस ठाऊक नव्हते.

सर्वांत बोलके उदाहरण मला गंजिफ्याचे वाटले. सावंतवाडीच्या या गोल, हाताने रंगवलेल्या पत्त्यांचे कौतुक सगळेच करतात आणि विकत घेतलेला संच बहुधा दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात जातो. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा, म्हणजे एकूण १२० पाने असतात. पाच रंगांत दश्शी वरचढ आणि उरलेल्या पाचांत एक्का वरचढ, हा उलटसुलट हिशेब डोक्यात ठेवून खेळायला निदान तिघे तरी लागतात. त्या गाळ्यावर नियम वाचून आलेले एक गृहस्थ होते, लहानपणी आजोबांना खेळताना पाहिलेल्या एक बाई होत्या आणि शिकण्याची तयारी असलेली एक मुलगी होती. विक्रेत्याने उदारपणे नमुन्याचा संच त्यांच्यापुढे ठेवला आणि डाव सुरू झाला. पत्ते पैसे देऊन मिळतात, भिडू मिळत नाहीत. तो डाव अर्ध्यावर मोडला, कारण गाळ्यासमोर गर्दी झाली आणि स्वयंसेवकांनी "पुढे चला" म्हणून हटकले.

स्वयंसेवकांचेही चुकले असे म्हणवत नाही. गाळ्याचे भाडे भरून, माल लादून आणलेल्या कारागिराच्या दृष्टीने तासभर प्रश्न विचारणारा आणि काहीही न घेता जाणारा माणूस हा अडथळाच असतो. आम्हा हौशी मंडळींना ही जाणीव कमी असते. शिवाय सगळेच सांगावे असा आग्रहही धरता येत नाही; रंगाचे किंवा लाखेचे मिश्रण एखाद्या घराने पिढ्यान् पिढ्या जपलेले असेल तर ते न सांगण्याचा अधिकार त्या घराचा आहे. म्हणूनच बोलण्याची जागा विक्रीच्या जागेपासून वेगळी असायला हवी.

हे शहरात फारसे अडत नसेल. तेथे विणकामाचे वर्ग असतात आणि हौशी मंडळांच्या भेटीगाठी ठरलेल्या असतात. कोकणातली वस्ती मात्र वाड्यावाड्यांनी विखुरलेली, एकेक घर आपापल्या गडग्याच्या आत, दोन वाड्यांच्या मध्ये एखादा डोंगर नाहीतर खाडी. तरुण माणसे मुंबई-पुण्याला गेलेली. पुरुषांना भजनाचे मंडळ तरी असते. बायकांना बचत गटाची बैठक असते, पण तिचा वेळ हप्त्याच्या हिशेबातच संपतो. अशा परिस्थितीत दुपारी ओसरीवर बसून एकटीने वाकळ शिवणाऱ्या बाईला आपल्यासारखीच दुसरी बाई पलीकडच्या खाडीकाठी आहे, हे कळण्याचे ठिकाण वर्षातून एकदा भरणारे प्रदर्शनच आहे.

सरकारच्या योजना आहेत. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि कर्जाची सोय आहे. टोपल्या व चटया विणणारे, काथ्याचे काम करणारे, खेळणी घडवणारे त्यात येतात. तो पैसा पोटासाठी काम करणाऱ्या कारागिराचा आहे आणि तो त्यालाच मिळावा. आमची मागणी पैशाची नाही.

मागणी एवढीच की, प्रत्येक हस्तकला प्रदर्शनात एका कडेला छोटा मंडप विनाविक्रीचा ठेवावा. त्यात चटया आणि चार बाके असावीत, पिण्याचे पाणी असावे आणि व्यासपीठाच्या ध्वनिक्षेपकाचा कर्णा त्याच्याकडे तोंड करून नसावा, ही शेवटची अट मी विशेष आग्रहाने घालते. दुपारच्या वेळी, जेव्हा ग्राहक एरवीही कमी असतात, एखाद्या कारागिराने तेथे तासभर काम करीत बसावे आणि त्याबद्दल त्याला मानधन मिळावे; कला फुकट दाखवायची असते, हा समज आयोजकांनी सोडलेला बरा. बोलता बोलता हात चालू राहावेत म्हणून हौशी लोकांनाही आपले अर्धवट काम घेऊन बसण्याची मुभा असावी. प्रवेशाजवळच्या वहीत आज फक्त अभिप्राय लिहून घेतले जातात. त्याच वहीत स्वेच्छेने गाव आणि आवडीचे काम लिहिण्यासाठी दोन रकाने वाढवले, तर पुढच्या भेटीची तजवीज त्या पानांवरूनच करता येईल.

असे होऊ शकते याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे आणि त्यांच्या कुटुंबाने गुरांच्या गोठ्याचे रूपांतर करून ठाकर समाजाच्या कलांचे दालन उभे केले. तेथे चित्रकथीची चित्रे, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या नुसत्या टांगलेल्या नाहीत, तर येणाऱ्याला समोर बसवून दाखवल्या आणि सांगितल्या जातात. गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपण सर्वांनी अभिमान व्यक्त केला. त्यांची ही पद्धत मात्र अजून एकाही आयोजकाने उचललेली माझ्या पाहण्यात नाही.

प्रदर्शनानंतरच्या काळासाठी आपल्याकडे वाचनालये आहेत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे आणि कोकणातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी जुनी, हवेशीर वाचनालये आहेत. त्यांच्या सभागृहात महिन्यातून एक दुपार हातकाम करणाऱ्यांना द्यावी, अशी विनंती मी आमच्या गावच्या वाचनालयाला केली असून कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत ती मांडू, असे मला सांगण्यात आले आहे. वेळ ठरवताना शेवटच्या एस. टी.चा विचार व्हावा, अन्यथा आडगावच्या बायका येऊ शकणार नाहीत. त्या दिवशी आम्हालाही साडेचारलाच निघावे लागले, कारण त्यानंतर आमच्या वाडीकडे गाडी नव्हती.

पुढील हंगामाच्या प्रदर्शनांची आखणी पावसाळा सरला की सुरू होते. त्याआधी आयोजकांनी या सूचनेचा विचार करावा आणि आपण हे पत्र प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, वेंगुर्ले