सोरायसिसच्या रुग्णांनी पेट स्कॅनमागे धावू नये

मा. संपादक,
स. न.

सोरायसिस हा केवळ त्वचेचा आजार नाही, त्याची झळ रक्तवाहिन्यांनाही लागते, हे आता वृत्तपत्रांतून बऱ्यापैकी लिहिले जाते. ते योग्यच आहे. पण अशा मजकुरासोबत अनेकदा पेट-सीटी स्कॅनचे (शरीरात टोचलेला किरणोत्सारी पदार्थ कुठे साठला ते दाखवणाऱ्या तपासणीचे) चित्र असते: करड्या देहात केशरी-लाल उजळलेली महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी. ते पाहून रुग्ण दोन प्रश्न विचारतात. ‘मीही हा स्कॅन करून घेऊ का?’ आणि ‘औषधाने त्वचा स्वच्छ झाली, म्हणजे धमनीही निवळली ना?’ पहिल्याचे उत्तर ‘नको’ असे आहे आणि दुसऱ्याचे ‘तसे गृहीत धरू नका’. असे का, हे त्या चित्रामागचा आकडा कसा तयार होतो ते पाहिल्यावर कळते. नेमका तोच भाग छापून येत नाही.

या स्कॅनसाठी शिरेतून एफडीजी देतात. ग्लुकोजच्या रेणूत दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवला की एफडीजी होतो. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, हेक्सोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडते, पण पुढची पायरी अडते आणि रेणू पेशीत अडकून राहतो. दाह असलेल्या धमनीच्या भिंतीत शिरलेल्या मॅक्रोफेज या संरक्षक पेशी ग्लुकोज जास्त वापरतात, म्हणून ती भिंत उजळते. मात्र मेंदू, हृदयाचा स्नायू, नुकताच राबलेला कोणताही स्नायू हेही उजळतात. यंत्राला दाह दिसत नाही. एफडीजी कुठे साठला, एवढेच दिसते.

आता मोजमापाची अडचण पाहा. महाधमनीची भिंत जेमतेम २ मिलिमीटर जाडीची, आणि पेट यंत्राची बारकावे टिपण्याची क्षमता साधारण ४ ते ६ मिलिमीटर. त्यामुळे भिंतीच्या आकड्यात आतून वाहणाऱ्या रक्ताचा आकडा मिसळतो. तो वेगळा काढण्यासाठी भिंतीतील एफडीजीच्या प्रमाणाला शिरेतील रक्तातल्या प्रमाणाने भागतात. संशोधनात बहुधा हेच गुणोत्तर वापरले जाते, आणि भागाकारात छेद बदलला तरी उत्तर बदलते. समजा, भिंतीचा आकडा २.४ आणि रक्ताचा १.६ आहे. गुणोत्तर आले १.५. पुढच्या वेळी भिंत तशीच, २.४, पण टोचल्यापासून स्कॅनपर्यंत थोडा अधिक वेळ गेल्याने रक्तातला एफडीजी उतरून १.४ झाला. गुणोत्तर आता १.७१. भिंतीत काहीही घडलेले नसताना कागदावर दाह १४ टक्के वाढला.

म्हणूनच तयारीचा काटेकोरपणा इथे फार मोलाचा आहे. कर्करोगाच्या स्कॅनपूर्वी ४ ते ६ तास उपाशी राहणे आणि रक्तशर्करा २०० मिलिग्रॅमच्या आत असणे सहसा पुरते. रक्तवाहिन्यांसाठी उपवास किमान ६ तासांचा आणि शर्करा शक्यतो १२६ मिलिग्रॅमच्या खाली हवी, कारण रक्तातले ग्लुकोज एफडीजीशी स्पर्धा करते. शर्करा झटपट खाली आणण्यासाठी ऐनवेळी इन्सुलिन देणे तर आणखी वाईट; एफडीजी स्नायूंत ओढला जातो. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने आतडे उजळते. थंड खोलीत बसवलेल्या रुग्णाच्या मानेतील आणि खांद्यातील तपकिरी चरबी (शरीरात उष्णता निर्माण करणारी चरबी) पेटून उठते. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम केला असेल तर स्नायू. टोचल्यानंतर कर्करोगासाठी साधारण ६० मिनिटे थांबतात. धमनीसाठी मात्र रक्त पुरेसे ‘स्वच्छ’ व्हावे म्हणून २ तास थांबण्याची शिफारस आहे, आणि पहिल्या व पुढच्या स्कॅनला ही वेळ तीच हवी.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते घड्याळांकडे. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) सुमारे ११० मिनिटे, म्हणजे त्याचा किरणोत्सार मिनिटाला ०.६ टक्क्याहून थोडा अधिक घटतो. मात्रा मोजणाऱ्या यंत्राचे घड्याळ आणि स्कॅनरचे घड्याळ यांत १० मिनिटांचा फरक असेल, तर ऊतींतील एफडीजीच्या मोजमापात ६ टक्क्यांची चूक शिरते. गुणोत्तर काढताना ही चूक अंश आणि छेद दोन्हींत सारखी असल्याने कटते, हा त्याचा मोठा फायदा. पण यकृत, प्लीहा किंवा त्वचेचा सुटा आकडा दिला असेल तिथे ती तशीच राहते. सुई शिरेबाहेर जाऊन औषध हातातच साचले तर सुटे आकडे खोटे कमी येतात. वजन चुकीचे नोंदले तरीही चुकतात.

एवढे लक्षात ठेवून प्रत्यक्ष संशोधनाकडे वळू. २००६ साली ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदींवरून सोरायसिसच्या सुमारे १ लाख ३० हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या व्यक्तीला हृदयविकाराच्या झटक्याची सापेक्ष जोखीम ३.१ पट निघाली, तर साठीतल्या व्यक्तीला १.३६ पट. (तिप्पट हा शब्द घाबरवतो; पण तिशीत झटका मुळातच दुर्मीळ असतो, हे त्यासोबत सांगायला हवे.) २०११ मध्ये ६ रुग्ण आणि ४ निरोगी व्यक्तींच्या पेट स्कॅनचा प्राथमिक अभ्यास आला आणि रुग्णांच्या धमन्यांत एफडीजी जास्त दिसला. २०१७ मध्ये ११५ रुग्णांचा वर्षभराचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला: ज्यांची त्वचा सुधारली, त्यांची महाधमनीही सुधारलेली दिसली. इथवर सगळे एका दिशेने चालले होते.

पण या पाठपुराव्यात कोणाला कोणते औषध हे चिठ्ठी टाकून ठरले नव्हते. ज्याची त्वचा सुधारते, त्याचे वजन, झोप, हालचाल, धूम्रपान हेही त्याच काळात बदलू शकते. चिठ्ठी टाकून गट पाडल्यावर चित्र पालटले. २०१८ च्या ९७ रुग्णांच्या चाचणीत अडॅलिम्युमॅब या सोरायसिसच्या इंजेक्शनने महाधमनीच्या आकड्यात फरक पडला नाही, जरी रक्तातील दाहाचे निर्देशक उतरले. २०२० मध्ये ९१ रुग्णांवर सेक्युकिनुमॅब या दुसऱ्या इंजेक्शनची चाचणी झाली. तिथेही १२ आठवड्यांत फरक नाही. दोन्ही औषधे त्वचेवर चांगलीच लागू पडतात.

त्याच वर्षीची उस्टेकिनुमॅब या तिसऱ्या इंजेक्शनची चाचणी ४३ रुग्णांची होती. १२ आठवड्यांनी औषध आणि प्लासिबो (औषधासारखे दिसणारे, पण औषध नसलेले इंजेक्शन) यांत १८.६५ टक्के गुणांचा फरक दिसला. हाच आकडा सगळीकडे उद्धृत होतो, म्हणून तो उलगडून पाहावा. औषधाच्या गटात घट होती ६.५८ टक्के, प्लासिबोच्या गटात वाढ होती १२.०७ टक्के. म्हणजे फरकाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग औषध न मिळालेल्यांचा आकडा चढल्याने आला. ५२ आठवड्यांपर्यंत हा लाभ टिकला नाही. आमच्या मते यातून औषध निरुपयोगी ठरत नाही, उपयुक्तही ठरत नाही. प्रत्येक गटात विसेक माणसे आणि इतक्या गोष्टींनी डोलणारे गुणोत्तर, यांच्या जोरावर ‘हे इंजेक्शन हृदय वाचवते’ असा मथळा देता येत नाही, हे मात्र नक्की.

खुद्द त्वचेचा चयापचय पाहण्यासाठी पेट स्कॅन आणखीच तोकडा पडतो, कारण बाह्यत्वचा बहुतेक ठिकाणी ०.१ मिलिमीटरच्या आसपास. तिथे प्रकाशाने मोजण्याची पद्धत अधिक आशादायक वाटते. पेशीतील एनएडीएच आणि एफएडी हे ऊर्जानिर्मितीत भाग घेणारे रेणू लेझरने उत्तेजित केल्यावर स्वतःच चमकतात. ती चमक किती नॅनोसेकंद टिकते यावरून पेशी ऊर्जा कशी मिळवते याचा अंदाज येतो. मोकळ्या एनएडीएचची चमक सुमारे ०.४ नॅनोसेकंदांत विझते, प्रथिनाला बांधलेल्याची अधिक काळ टिकते. सुई नाही, किरणोत्सार नाही. पण प्रकाश ०.२ मिलिमीटरच्या फार खाली जात नाही, सोरायसिसचा जाड पापुद्रा त्याला विखरून टाकतो आणि त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनिनची स्वतःची अल्पजीवी चमक मोजमापात मिसळते. सावळ्या त्वचेच्या रुग्णांवर पडताळून न पाहिलेले यंत्र त्यांच्यासाठी वापरायला घेऊ नये.

मग सोरायसिसच्या रुग्णाने काय तपासावे? रक्तदाब, कमरेचा घेर, लिपिड (रक्तातील चरबी) आणि एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा). सोरायसिससाठी सायक्लोस्पोरिन चालू असेल तर रक्तदाब, ॲसिट्रेटिन चालू असेल तर ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) अधिक वेळा. हृदयविकाराची १० वर्षांची जोखीम डॉक्टर गणकयंत्रावर काढतात, त्यात सोरायसिसचा रकाना बहुधा नसतो. शरीराच्या १० टक्क्यांहून अधिक भागावर आजार असेल (बोटांसह स्वतःचा एक तळवा म्हणजे साधारण १ टक्का), किंवा फोटोथेरपी, गोळ्या, इंजेक्शने लागत असतील, तर आलेला आकडा १.५ ने गुणण्याचा विचार करावा, असे अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. ६ टक्के जोखीम ९ टक्के होते, आणि ७.५ टक्क्यांची रेषा ओलांडल्याने स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) सुरू करण्याची चर्चा होऊ शकते. हा निर्णय पेट स्कॅनशिवाय होतो. त्या स्कॅनमध्ये ३७० मेगाबेकरेल मात्रेतून अंदाजे ७ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार शरीराला मिळतो, सीटीचा वेगळा.

त्वचारोगांत पेट स्कॅनला जागा आहेच: पसरलेला मेलानोमा व मर्केल पेशींचा कर्करोग (हे दोन्ही त्वचेचे कर्करोग), त्वचेच्या लिम्फोमाची पुढची अवस्था, डर्मॅटोमायोसायटिस या त्वचा-स्नायूंच्या दाहामागे दडलेल्या कर्करोगाचा शोध. अशा एखाद्या कारणासाठी सोरायसिसच्या रुग्णाला स्कॅनला जावे लागले, तर चट्टे कुठे आहेत, अलीकडे कोणत्या दंडात लस घेतली, हे टोचण्याआधीच सांगावे. चट्टा आणि काखेतली गाठ दोन्ही उजळू शकतात. एफडीजी लघवीवाटे बाहेर पडतो, त्यामुळे मांडीवर किंवा कपड्यावर पडलेला एक थेंबही त्वचेतील गाठीसारखा दिसतो. तशी शंका आली तर कपडे बदलून, त्वचा धुऊन तेवढ्या भागाचा स्कॅन पुन्हा घेण्याची विनंती करावी.

आपले,
त्वचारोग व न्यूक्लिअर मेडिसिन या विषयांतील काही वाचक