डॉक्टर मॅडम, तो कागद अजून माझ्याकडे आहे

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

परवा ऑपरेशननंतर वर्षाने करायची तपासणी झाली. जठरात गाठ होती तिथला पांढुरका वण तुम्ही फोटोत दाखवलात. घशात मारलेल्या स्प्रेने जीभ जड झाली होती, त्यामुळे बोलायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र.

ॲसिडिटीसाठी केलेल्या एंडोस्कोपीत ११ मिलिमीटरची गाठ सापडली, तेव्हा मी दुसरीकडे दाखवत होते. तिथे चिमट्याने दोनदा तुकडा काढला, दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले. तरी पोट उघडावं लागेल म्हणाले. नॉर्मल आहे तर उघडायचं कशाला, हे समजावायला कुणाला वेळ नव्हता. तुमच्याकडे आले ती झोप उडालेली बाई होते मी.

तुम्ही आधी विचारलंत, काम काय करता? शिवणकाम म्हटल्यावर लगेच कागद पुढे ओढलात. जठराची भिंत म्हणजे एकावर एक थरांचं कापड. एंडोस्कोपिक सोनोग्राफीत, म्हणजे दुर्बिणीतून आत नेऊन केलेल्या सोनोग्राफीत, त्याचे पाच पट्टे दिसतात. चिमट्यात येतं ते आतलं अस्तर, आणि तुमचं अस्तर चांगलंच आहे. गाठ आहे चौथ्या थरात, स्नायूत. दोन नॉर्मल रिपोर्टांचं कोडं त्या एका चित्राने सुटलं. ती साधी स्नायूची गाठ असू शकते, जिस्ट नावाची वेगळ्या प्रकारची गाठही असू शकते, आणि जिस्ट पुढे कॅन्सरसारखी वागू शकते, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत.

आणि तरीही घाई केली नाहीत. २ सेंटिमीटरपेक्षा लहान आहे, कडा सरळ आहेत, लक्ष ठेवू, म्हणालात. वर्षाने ती १६ मिलिमीटर झाली, कडाही वेड्यावाकड्या दिसायला लागल्या, तेव्हा म्हणालात, आता काढू, पोट न उघडता, तोंडावाटे दुर्बिणीने. थांबा म्हणणाऱ्या डॉक्टरने काढू म्हटलं, म्हणून मला ते पटलं.

संमतीच्या सहीआधी तुम्ही जे सांगितलंत त्यासाठी मी सगळ्यात जास्त ऋणी आहे. गाठ बाहेरच्या थराला चिकटलेली निघाली तर जठराला भोक पाडूनच ती काढावी लागेल. ते चुकून पडलेलं नसेल, आपण ठरवून पाडू आणि आतूनच बंद करू. बंद झालं नाही किंवा रक्त थांबलं नाही तर सर्जनना सांगून ठेवलंय. ऐकून माझे हात गार पडले, पण भीती कमी झाली. पुढे काय होऊ शकतं ते निदान ठाऊक तरी होतं.

नंतर तुम्ही व्हिडिओ दाखवलात. गाठीभोवती डागून केलेले ठिपके, आम्ही खडूने खुणा करतो तसेच. अस्तराखाली निळं पाणी सोडल्यावर ते फुगून वर आलं, मग बारीक सुरीने कापत कापत गाठ मोकळी झाली. जपानमध्ये १९९०च्या दशकात जठराच्या सुरुवातीच्या कॅन्सरसाठी ही पद्धत आकाराला आली, पुढे डॉक्टर आणखी खोल थरांत उतरले, असं तुम्ही सांगत होतात. माझं लक्ष मात्र भोकावर खिळलेलं. कडेने क्लिपा बसवल्यात, त्यांत एक फास अडकवलात आणि ओढलात. नेफ्यातली नाडी ओढावी तसं ते मिटलं! गाठ न फुटता अखंड, पिशवीत घालून तोंडावाटे बाहेर. पोटावर एक टाका नाही.

पाणीसुद्धा बंद होतं तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टर ओला गॉज माझ्या ओठांवर फिरवत बसायच्या. त्यांना माझा नमस्कार नक्की सांगा. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येईपर्यंत तुम्ही अभिनंदन केलं नाहीत, हेही माझ्या लक्षात आहे. जिस्टच निघाली, पण पेशी फार कमी विभागत होत्या, आकार लहान, म्हणून धोका अगदी कमी, गोळ्यांची गरज नाही. त्या दिवशी तुम्ही प्रथमच मोकळं हसलात.

तुम्ही काढलेला पाच थरांचा कागद मी मापांच्या वहीत ठेवलाय. पुढच्या तपासणीची तारीख त्याच्याच मागे लिहिली आहे.

तुमची पेशंट,
शिवणकाम करणारी