बाबा, घराच्या कागदावर सही नको

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "कर्ज हवंय ना, मग घर तारण ठेव, मी सही करतो." मला पुढे बोलताच आलं नाही, म्हणून लिहितेय. बाबा, सही करू नका.

मी सहावीत होते. पोस्टमनने रजिस्टरवर तुमची सही घेतली आणि तुम्ही ते पाकीट न फोडताच चपला घालून मळ्यात निघून गेलात. खताच्या दुकानातला तुमचा भागीदार उधारी करून बसला होता. १९३२ चा भागीदारीचा कायदा असा, की एकाने धंद्यात केलेलं देणं सगळ्या भागीदारांच्या अंगावर येतं आणि ते घरा-शेतापर्यंत पोचतं. कॅनॉलकडचं दीड एकर त्यातच गेलं. तुम्ही कुणाचा पैसा बुडवला नाहीत, ह्याचा मला आजही अभिमान आहे. पण तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही.

मसाल्याचा धंदा आज माझ्या एकटीच्या नावावर आहे. म्हणजे धंद्याचं देणं ते माझंच देणं. आता जाऊबाई बरोबरीने येतायत. गेल्या सीझनला मिरच्यांची देठं खुडून हाताची आग होत असताना रात्री दीडपर्यंत त्या माझ्याबरोबर पाकिटं सील करत बसल्या होत्या. त्यांना पगारावर ठेवणं मला पटत नाही. एकाच मालकाची कंपनीही निघते, पण मग त्यांचं नाव कुठे?

सीएंनी प्रायव्हेट लिमिटेडही सुचवली होती. पण तिथे उलाढाल कितीही कमी असली तरी दरवर्षी ऑडिट आलंच, आणि आम्हाला बाहेरच्या कुणाला शेअर विकायचे नाहीत. म्हणून एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, करायचं ठरवलंय. २००८ च्या कायद्याची भागीदारीच, पण फर्मचं देणं फर्मपुरतं. जाऊबाईंनी काही चूक केली तर ती माझ्या घरावर येत नाही, माझी त्यांच्यावर जात नाही. उलाढाल ४० लाखांच्या आत आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेतो ऑडिटची सक्ती नाही. आमची गेल्या वर्षीची उलाढाल २६ लाख.

फुकट मात्र काही नाही. फर्मच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि वर सेस. आम्हा दोघींचा पगार ठरलेल्या मर्यादेत त्यातून वजा होतो, तेवढा दिलासा. एकटीच्या धंद्यात उलाढालीवर ठरावीक टक्के नफा दाखवून, तेवढ्यावरच कर भरून सुटता यायचं, ती सोय एलएलपीला नाही. फूड लायसन्स नव्या नावाने काढायचं, ३० मे आणि ३० ऑक्टोबरपर्यंत एलएलपीचे रिटर्न भरायचे, चुकलं की दंड. हे सगळं मी करीन.

आणि एक खरं सांगते. एलएलपी झाली तरी कर्जासाठी बँक आम्हा दोघींची वैयक्तिक हमी मागतेच. तेवढी आम्ही देऊ. पण पल्व्हरायझर (मसाला दळायचं यंत्र) आणि पॅकिंग मशीनसाठी सीजीटीएमएसईच्या, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी योजनेच्या, हमीखाली अर्ज करतेय. त्यात घर-जमीन तारण लागत नाही, तिसऱ्या माणसाची हमीही नाही. म्हणजे बाबा, तुमची सही कुठेच लागत नाही.

आई, मसाल्याचं प्रमाण तुझं आहे. फर्मला ते फक्त वापरायला दिलंय, विकलेलं नाही, असं करारात लिहायला सांगितलंय. एकीने सोडलं तर नाव कुणाकडे, मला काही झालं तर माझा वाटा कुणाला, तेही त्यात आहे.

बाबा, तुमच्या वेळी सगळं तोंडीच होतं. म्हणून कराराचा मसुदा आधी तुम्हालाच पाठवतेय. जिथे मनात शंका येईल तिथे लाल पेनाने खूण करा. रविवारी सकाळच्या एसटीने येते, मग बसू.

आईने गच्चीवरच्या मिरच्या एकटीने उचलू नयेत, मी आले की उचलू.

तुमची,
लेक