दाजींनी पाहिलेल्या सिनेमाबद्दल, बुडापेस्टहून

ओबुदा, बुडापेस्ट
दिवाळीनंतरचा रविवार

तीर्थरूप अण्णा व आईस साष्टांग नमस्कार. मनीषा व वैशूस सप्रेम, चिऊला गोड पापा.

इकडे सगळं ठीक. तब्येत, जेवण, कामाच्या पाळ्या हे फोनवर होतंच, ते परत लिहीत नाही. पत्र लिहायचं कारण दाजी. दाजींनी फिल्म सोसायटीत एक हंगेरियन सिनेमा पाहिला आणि घरी येऊन आईला सांगितलं, ‘तुमचा मुलगा राहतो तसल्याच बिल्डिंगीतली गोष्ट आहे. नवरा पितो, बायको रडते आणि शेवटी तो बॅग भरून निघून जातो.’ तेव्हापासून आई, तू फोनवर ‘तिथे बरं आहे ना रे?’ हे फार सावकाश विचारतेस. म्हणून हे सविस्तर.

दाजींना म्हणावं, तो शेवटी निघून जात नाही, सुरुवातीला जातो. सिनेमाचं नाव ‘पॅनेलकाप्चोलात’, साल 1982, दिग्दर्शक बेला तार. पहिल्याच प्रसंगात नवरा कपडे कोंबतोय, बायको दारात आडवी येतेय, मुलं घरात. मग गोष्ट मागे जाते, भांडण कशाकशावरून साठत गेलं ते दाखवते, आणि तोच निघून जाण्याचा प्रसंग पुन्हा येतो. शेवटी दोघं मिळून कपडे धुण्याचं मशीन विकत घेतात आणि उघड्या ट्रकच्या मागे, मशीनच्या शेजारी बसून घरी येतात. तो परत का आला, हे सिनेमा सांगत नाही. दाजींना बहुतेक तिथे डुलकी लागली असावी.

नवराबायकोचं काम करणारे रोबेर्त कोल्ताई आणि युदित पोगान्य हे त्या वेळी खऱ्या आयुष्यातही नवराबायको होते, दोघंही कापोशवारच्या नाटक कंपनीतले. म्हणून भांडण भांडणासारखं वाटतं. एकजण बोलत असताना दुसरा ऐकतच नाही, वाक्यं एकमेकांवर चढतात, अर्धी सुटतात. आणि कॅमेरा सारखा तोंडाजवळ का, याचं एक कारण मी या बिल्डिंगींतल्या माझ्या नळाच्या कामावरून सांगू शकतो. या घरांतलं स्वयंपाकघर जेमतेम चार-पाच चौरस मीटरचं. ओटा, फ्रिज आणि दोन माणसं उभी राहिली की कॅमेरेवाल्याला मागे सरकायला भिंतच येते. नाचाच्या हॉलमधल्या प्रसंगात मात्र जागा भरपूर होती, तरी कॅमेरा बराच वेळ बायकोच्या तोंडावरच. नवरा नाचतोय, गातोय, ती टेबलापाशी एकटी. तिथे तो जाणूनबुजून जवळ थांबलाय, आणि माझ्या मते सगळ्या सिनेमातला तोच प्रसंग सर्वात कठीण आहे. याच माणसाने पुढे सात तासांहून लांब सिनेमा काढला. दाजींना सांगू नका, सोसायटीत लावतील.

आता बिल्डिंगीबद्दल. हो, तसलीच आहे. 1961 ते 75 या पंधरा वर्षांत दहा लाख घरं बांधायची असं इथल्या सरकारने ठरवलं होतं, आणि ते विटा रचून होणार नव्हतं. म्हणून घरांचे कारखाने काढले. भिंत कारखान्यात ओतायची, खिडकीसकट ट्रेलरवर आणायची, क्रेनने उभी करायची, सांध्यातल्या सळया वेल्ड करून काँक्रीट भरायचं. बाहेरच्या भिंतीत आत पंधरा सेंटिमीटर काँक्रीट, मध्ये सात-आठ सेंटिमीटर थर्माकोल, बाहेर पुन्हा काँक्रीटचा पातळ थर. पडणार नाही, अण्णा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कच्चा असतो तो सांधा. तिथे थर्माकोल तुटतो, थंडी आत येते आणि खोलीचा कोपरा काळा पडतो.

आणि चिऊने व्हिडिओ कॉलवर विचारलेलं, ‘बाबा, बाहेर बर्फ आहे तर त्या आजी खिडकी उघडी का ठेवतात?’ हे इथलं खरंच न समजणारं प्रकरण आहे. बाहेर उणे पाच आणि दहापैकी चार खिडक्या उघड्या. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

इथे घरात शेगडी किंवा बॉयलर नाही. गावभर जमिनीखालून गरम पाण्याचे नळ फिरतात, ते बिल्डिंगीच्या तळघरातल्या उष्णता केंद्रात येतात, तिथून वर. जुन्या पद्धतीत खोल्यांच्या एका उभ्या रांगेला एकच नळ. पाणी एका रेडिएटरमधून बाहेर पडलं की तेच पुढच्या मजल्याच्या रेडिएटरमध्ये, असं दहाही मजले. गंगापूर कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याचं जे होतं तेच शेवटच्या मजल्याचं होतं. पाणी पोचतं, पण त्यातला जोर संपलेला. म्हणून शेवटच्या मजल्यांना जास्त खणांचे रेडिएटर द्यायचे असा हिशेब असे. आणि कुणालाच कॉक द्यायचा नाही, कारण एकाने कॉक बंद केला की त्या रांगेतली सगळी घरं गार.

कोपऱ्यावरची आणि छताखालची घरं तरी गार पडायचीच. ते तक्रार करणार, केंद्रात पाण्याचं तापमान वाढवणार, आणि मधल्या घरांत सव्वीस-सत्तावीस अंश. कॉक नाही, मग उपाय काय? खिडकी. बरं, बिल मीटरवर नव्हतं, घराच्या घनमीटरवर होतं. खिडकी उघडी ठेवा की बंद, पैसे तेवढेच. अशी पस्तीस-चाळीस वर्षं गेल्यावर हाताला सवय लागणारच.

2001 पासून सरकारने दुरुस्तीची योजना आणली. एक तृतीयांश सरकार, एक तृतीयांश महापालिका, एक तृतीयांश घरमालक. बाहेरून थर्माकोलचा कोट, नव्या खिडक्या, आणि नळाचं काम. आमचं काम ते नळाचं. प्रत्येक रेडिएटरच्या आधी बायपास नळी टाकायची, म्हणजे एकाने बंद केलं तरी पाणी पुढे जातं. त्यावर थर्मोस्टॅटचा कॉक. प्रत्येक उभ्या नळाच्या बुडाशी प्रवाह जुळवायचा व्हॉल्व्ह. रेडिएटरवर एक छोटं यंत्र बसतं, त्यावरून कुणी किती ऊब वापरली ते वर्षातून एकदा मोजतात. बिघडतं कुठे? कुणी तरी हौसेने जुना रेडिएटर काढून पातळ, दिसायला छान असा बसवतं आणि बायपास टाकतच नाही. त्याची भोकं बारीक, प्रवाह तुंबतो, आणि चार मजल्यांवरून फोन येतात. दुसरं म्हणजे थर्मोस्टॅटवर जाड पडदा सोडतात. पडद्यामागे गरम साठतं, कॉकला वाटतं खोली तापली, तो बंद होतो, आणि माणूस पडद्याबाहेर कुडकुडत आम्हाला शिव्या घालतो.

तर खिडकी आता खर्चिक झाली आहे. पण पूर्ण बंद ठेवणंही चुकीचं, कारण नव्या प्लॅस्टिकच्या खिडक्या इतक्या घट्ट की स्वयंपाकाची, अंघोळीची वाफ आतच राहते आणि त्या कोपऱ्यात बुरशी धरते. बरोबर पद्धत अशी: कॉक बंद करायचा, समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. आजी करतात ते उलट. खिडकी वरच्या बाजूने थोडी कलती, दिवसभर. त्याने हवा फार सावकाश बदलते, भिंत मात्र गार होते. सांगून पाहिलं. त्या हो म्हणतात, आणि खिडकी तशीच. चिऊ, कळलं का? नसेल तर आईला विचार, आईला कळलं असेल.

ट्रकवरच्या मशीनबद्दल अण्णांसाठी दोन ओळी, कारण सिनेमा पाहताना माझं लक्ष तिकडेच. मशीन ट्रकमधून नेताना ड्रम मागच्या बाजूने बोल्टने जखडलेला पाहिजे आणि मशीन उभंच पाहिजे. घरी आल्यावर ते बोल्ट काढायला विसरलं की पहिल्याच पिळणीला मशीन बाथरूमभर चालतं. इथे स्वयंपाकघरात जागा नाही म्हणून मशीन बाथरूममध्ये, आणि सांडपाण्याचा पाइप नुसता टबच्या काठावर अडकवलेला. तो सुटला की खालच्या घराच्या छताला डाग. काठाला पक्का बांधायचा, एवढंच काम आहे. बाथरूममध्ये शेजाऱ्यांची भांडणं ऐकू येतात ती भिंतीतून कमी आणि नळाच्या भोकांतून जास्त. भोक नीट बुजवलं की निम्मी शांतता.

आई, पिण्याबद्दल. इथे लोक पितात, नाही म्हणत नाही. आमच्या खोलीत आम्ही सगळे आपल्याकडचे, पहाटेची पाळी, दहाला दिवा बंद. दाजींनी काय पाहिलं आणि तुला काय दिसलं हे मला माहीत आहे, पण मी त्या सिनेमात नाही.

मनीषा, तू हे मोठ्याने वाचत असशील तर पुढचं मनात वाच. त्या सिनेमातल्या भांडणाचं मूळ दारू नाही, हे दाजींनी सांगितलं नाही. नवऱ्याला दोन वर्षं परदेशी कामाची संधी येते. पैसा साठेल, वस्तू येतील, असं त्याचं म्हणणं. बायको नको म्हणते. दिवसभर ती दोन मुलांबरोबर त्या घरात असते, तो घरी असूनही नसल्यासारखा, आणि आता खरंच नसणार. तो तिला आकडे सांगतो, ती त्याला आकड्यांचं उत्तर देत नाही. त्याचे आकडे बरोबरच आहेत, हे मी तुला सांगतो. तिचंही बरोबर आहे.

त्याच दिग्दर्शकाचा पहिला सिनेमा, ‘चालादी त्यूझफेसेक’, त्याच्या बाविसाव्या वर्षी काढलेला, 1979 साली आला. त्याला त्या वर्षी जर्मनीतल्या मानहाइमच्या चित्रपट महोत्सवात मोठं बक्षीसही मिळालं. त्यात नट नाहीत, साधीच माणसं आहेत. नवरा सैन्यात, बायको लहान मुलीला घेऊन सासरी, एका खोलीत सगळे. ती घरासाठी कौन्सिलच्या कचेरीत खेपा घालते, तिथला माणूस नियम वाचून दाखवतो, इकडे सासरा नवऱ्याचे कान भरतो. तो आईला दाखवू नका. त्यातला एक प्रसंग फार वाईट आहे. आणि आपल्याकडे तसं काही नाही, अण्णा तर मुळीच तसे नाहीत. मी फक्त एवढं म्हणतोय की आपल्या दोन खोल्यांत तू कशी राहत असशील ते मला कळतं. कळून उपयोग काय, असं तू म्हणशील.

आता कामाचं. सगळ्यांनी ऐका.

पैसे या महिन्यात नेहमीप्रमाणे अण्णांच्या खात्यावर. फोरिंटचा, म्हणजे इथल्या चलनाचा, रुपयाशी भाव बदलतो, त्यात बँकेचं कमिशन जातं, म्हणून आकडा दर महिन्याला थोडा हलतो. मी कमी पाठवतोय असं नाही. सोसायटीचा हप्ता त्यातूनच भरा. छताचं वॉटरप्रूफिंग मे महिन्याच्या आत करून घ्या, पावसाळ्यावर ढकलू नका. मिस्त्री नुसतं रसायन मारतो म्हणाला तर नको म्हणा. आधी तडे कापून भरायचे, उतार नीट करायचा, मग कोट, आणि पाणी भरून दोन दिवस ठेवून बघायचं.

वैशूच्या स्थळाला माझा होकार आहे. मुलगा फोनवर नीट बोलला, नोकरी पक्की आहे, आणि त्याने मला पगार विचारला नाही हे मला आवडलं. पण तारीख पौषानंतरची माघातली धरताय असं कळलं. मला तेव्हा सुट्टी मिळणार नाही. ऊब चालू असताना नळाच्या माणसाला इथे कुणी सोडत नाही, साधारण एप्रिलच्या मध्यापर्यंत तरी नाहीच. वैशाखात धरता येईल का, एकदा त्यांच्याकडे विचारा. नसेलच जमत तर माझ्यासाठी अडवू नका. हॉलचा ॲडव्हान्स मी पाठवतो, आणि कन्यादानाला दाजी आहेतच. वैशू, रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल, पण फोन उचल.

आणि एक. कंपनी करार पुढे वाढवायला विचारते आहे. दोन वर्षं. पगार वाढतो, राहायला खोली त्यांचीच, वर्षातून एकदा तिकीट. हिशेब केला तर वैशूचं लग्न, छत आणि बँकेचं कर्ज तिन्ही त्यात बसतं, आणि वेगळ्या घराच्या बुकिंगला थोडं उरतं. करार नाही वाढवला तर लग्न आणि छत एवढंच. कागद माझ्याकडे आहे, डिसेंबरअखेर द्यायचाय. सही केलेली नाही. अण्णांचं मत मला माहीत आहे. आईचंही, दाजींमुळे. मनीषाचं हवंय, आणि ते सगळ्यांसमोर फोनवर नको. तिने वेगळा फोन करावा, दुपारी साडेतीनला, तेव्हा इथे अकरा वाजलेले असतात आणि आमची सुट्टी असते.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
संतोष

ता. क. मनीषाच्या खात्यावर या महिन्यापासून वेगळे सात हजार टाकतोय. ते घरखर्चात धरू नका आणि तिला हिशेब विचारू नका.