मागील सभेचे इतिवृत्त

नाशिक, ऑक्टोबर छाटणीचे दिवस

चि. सोनू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

येत्या रविवारी तिकडे युरोपात घड्याळे तासभर मागे जातील, असे तू कळवलेस आणि त्याच पत्रात, तू काम करतेस त्या युरोपीय संघाची माहितीपत्रके सोप्या भाषेत लिहिली की लोकांचा विश्वास आपोआप बसेल, असेही लिहिलेस. मला या दोन गोष्टींचा मेळ लागत नाही.

२०१० मध्ये तू शाळेत होतीस. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचा अंश मर्यादेबाहेर निघाल्याने भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, त्यांत आपल्या निफाडच्या बागेचा मालही होता. तिथला नियम काही गुप्त नव्हता, छापलेलाच होता, पण आमच्यापर्यंत पोहोचला तो व्यापाऱ्याचा एका ओळीचा निरोप, "रेसिड्यू निघाला, पैसे मिळणार नाहीत." किती निघाला, किती चालतो आणि दाद कुठे मागायची, हे विचारत मी महिनाभर हिंडलो. आता तपासणीचा अहवाल माल जाण्याआधी हातात पडतो. नियम कडकच आहेत, पण आकडा डोळ्यांना दिसतो.

तुमच्या घड्याळांचेच पाहा. २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने, घड्याळे उन्हाळ्यात तासभर पुढे आणि हिवाळ्यात मागे करण्याची ही पद्धत ठेवावी का, असे जनतेला विचारले. ४६ लाख उत्तरे आली (त्यांतली सुमारे ३० लाख एकट्या जर्मनीची, हेही विसरू नये), ८४ टक्के लोकांनी ती बंद करा म्हटले, २०१९ मध्ये युरोपीय संसदेनेही तसाच कौल दिला, आणि घोडे अडले ते सदस्य देशांच्या सरकारांपाशी. २४ भाषांत कागद काढणाऱ्या संघाला भाषेची अडचण नव्हतीच. नागरिकाला मात्र एवढेच दिसते की आपल्याला विचारले आणि काटा पुन्हा फिरला. बोल लागतो तो ब्रसेल्सला, म्हणजे संघाच्या मुख्यालयाला.

आपल्या ग्रामसभेत पहिला विषय 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा असतो, आणि खरी सभा तिथेच होते. पाणंद रस्त्याच्या ठरावाचे काय झाले, असे एखादे म्हातारे उठून विचारते आणि सरपंचाला उभे राहून सांगावे लागते. 'निधी आला नाही' हे उत्तरही लोक ऐकून घेतात. कुरकुरतात, पण पुढच्या सभेला येतात.

म्हणून नवे पत्रक हाती घेशील, तेव्हा जुन्या प्रश्नाचे काय झाले आणि तो कोणापाशी अडला, एवढा मजकूर पहिल्या परिच्छेदात घालता येईल का, हे वरिष्ठांना विचार. 'अडला' हा शब्द ते गाळायला सांगतील, असा माझा अंदाज आहे. काय म्हणाले ते कळव.

पेस्टिंगला (छाटलेल्या काड्यांच्या डोळ्यांना औषध लावायला) मजूर मिळेनात, बाकी क्षेम.

तुझे नाना